लापो उठत नाही

मीनलचा फोन आला तेव्हा मी मलूल झालेली तुळस खिडकीतून उचलून हीटरजवळ ठेवत होते.

"काकू, सिनेमात कीर्तन कराल?"

"करीन की. आख्यान कोणतं?"

"इटालियन."

मला वाटलं फोन नीट लागत नाहीये. पण मीनल तशीच आहे. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे हॉलंडमध्ये, नायमेखनला आली, पहिली दोन वर्षं घरात बसून रडली, मग कॅमेरा घेतला आणि आता लग्नांचे, दुकानांचे व्हिडिओ करून स्वतःच्या पायावर उभी आहे. युट्रेख्टच्या एका छोट्या महोत्सवाने या वर्षी विषय दिला होता, सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या इटालियन गोष्टी आजच्या विनोदी सिनेमात आणायच्या. वीस मिनिटांत. तसले चार-पाच सिनेमे तिने मला घरी आणून दाखवले. कपडे तेव्हाचे, बोलणं आजचं. झग्यातला पाद्री बोटं मोडत कंटाळा आला म्हणायचा आणि मीनल सोफ्यावर लोळून हसायची. मला सगळं कळलं असं नाही. पण ती खादाड साधू मंडळी, ते घाबरट नवरे, त्या चतुर बायका माझ्या ओळखीच्याच होत्या. आमचे गुरुजी उत्तररंगात अशीच माणसं उभी करायचे आणि हसणाऱ्या मंडपाच्या डोळ्यांत पाणी कधी आलं ते मंडपालाच कळायचं नाही.

"म्हणूनच काकू," मीनल म्हणाली. "गोष्ट त्यांची, माणसं आपली, आणि सांगायला कीर्तनकार. कुणी केलेलं नाही असं."

गोष्ट अशी होती. नदीकाठच्या एका गावात लापो नावाचा रंगारी राहायचा. कापड रंगवून रंगवून हात कोपरापर्यंत निळे झालेले. महामारीचं वर्ष. सगळ्या गावाची दारं बंद, पण लापोच्या बायकोचे तीन भाऊ रोज न चुकता जेवायला हजर. त्यांना घालवायचं म्हणून लापो एक दिवस महामारीने मेल्याचं सोंग घेतो. मेहुणे पळतात खरे, पण मुडदे गोळा करणारी गाडी दारात येते आणि लापोला घेऊन निघते. लापो ठरवतो, वेशीपाशी टुणकन उठायचं आणि सगळ्यांची भंबेरी उडवायची. तोवर गल्लीगल्लीत लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकत पडायचं. वेस येते, लापो उठतो, गाडी नेणारा पाद्री नदीत पडतो.

मुडद्यांच्या गाडीच्या जागी मीनलने बाकफीट्स घेतली होती. पुढे लाकडी पेटी असलेली ती लांबलचक सायकल, जिच्यात इथले लोक पोरं आणि बटाटे एकत्र घालून नेतात. मला फार हसू आलं.

"आणि लापो कोण?"

"संजीवकाका! त्यांनी हो म्हटलंय."

मी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पाहिलं. आमचे हे पेपर वाचत होते. लिहिताना मी संजीव लिहिते, बोलताना अजून 'अहो'च म्हणते.

"अहो, तुम्ही हो म्हणालात?"

"मेलेल्याला बोलायचं नसतं ना?" संजीव म्हणाले. "मग जमेल."

*

नायमेखनपासून वीस मिनिटांवर, वाल नदीच्या बांधाखाली विटांचं एक लहानसं चर्च आहे. तिथे आता प्रार्थना होत नाही. योगाचे वर्ग होतात, वाढदिवस होतात, आमच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं. फेब्रुवारीचे दोन दिवस मीनलने ते घेतलं होतं. धुकं इतकं होतं की बांधावरून नदीतली बोट दिसायची नाही, नुसता तिचा आवाज सरकत जायचा.

मंडळाची सात-आठ माणसं गावकरी व्हायला झूटरमेरहून आली होती. ओमकार कॅमेऱ्यावर. पाद्री झालेला प्रताप बाकफीट्स चालवणार होता. तो ऑफिसात कुठल्याशा सर्व्हरचा प्रमुख आहे, पण झगा घातल्यावर शोभला हो पाद्री म्हणून. संजीवच्या तोंडाला पीठ लावलं, हातांना मुलांच्या रंगातला निळा लावला, आणि ते पाय मुडपून पेटीत झोपले.

मी नऊवारी नेसले, चिपळ्या घेतल्या आणि सवयीने समोर एक खुर्ची मांडली.

रामकथा सांगताना एक आसन मोकळं ठेवतात, मारुतीसाठी. कथा जिथे चालते तिथे तो येऊन बसतो. माझ्या गुरुजींनी तर हा नेम सगळ्याच आख्यानांना लावला होता. पाटावर शाल, शालीवर फूल, आणि उभं राहिल्यावर पहिलं त्या आसनाला हात जोडून बोलावणं. एकोणीस वर्षं मी इथे रामनवमीला कीर्तन करते, ते कधी चुकलं नाही. चर्चमध्ये पाट कुठला, म्हणून लाकडी खुर्ची घेतली. तिच्यावर माझी पांढरी शाल घातली, शालीवर फूल ठेवलं.

"काकू, हे काय सुंदर दिसतंय!" मीनल म्हणाली. "राहू द्या. फ्रेममध्ये घेऊ."

कॅमेरा सुरू झाला. मी हात जोडले आणि अडखळले. या चावट गोष्टीला मारुतिरायाला कसं बोलवायचं? मला लाज वाटली. म्हणून मी नाव घेतलंच नाही. म्हटलं, "या. ज्यांची कथा आहे त्यांनी यावं, बसावं, शेवटपर्यंत ऐकावं."

तेवढं बोलून मी चिपळ्या वाजवल्या. मागे नेहमी झांज घेऊन संजीव उभे असतात. आज मागे कुणी नव्हतं.

*

सिनेमाचं काम मला ठाऊक नव्हतं. कीर्तन म्हणजे एकदा उभं राहिलं की आरतीपर्यंत सलग. इथे चार वाक्यं झाली की मीनल "कट" म्हणायची. मग मधलंच काहीतरी आधी, आधीचं जेवणानंतर. लापो मेला, मग लापो कापड रंगवतोय, मग पुन्हा मेला. प्रत्येक "कट"ला मला ताटावर बसलेल्या माणसाच्या पुढ्यातून पान ओढून घेतल्यासारखं वाटायचं. बोलले नाही मी कुणाला ते.

दुपारी ओमकार वैतागला. "खुर्ची कोण हलवतंय? कंटिन्यूइटी जातेय सगळी."

कुणीच हलवली नव्हती. त्याने खुर्चीच्या चारही पायांपाशी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या. पुढच्या शॉटनंतर पाहिलं तर खुर्ची खुणांच्या वीतभर पुढे होती. माझ्याकडे.

"प्रतापराव, पाय आवरा जरा," ओमकार म्हणाला.

"अरे मी सायकलवर आहे! माझे पाय पॅडलवर, लक्ष देवाकडे."

सगळे हसले. मीही हसले. मग मीनलने गल्लीचा प्रसंग घेतला. बाकफीट्स चर्चच्या मधल्या वाटेवरून हळूहळू चालली होती, दोन्ही बाजूंना गावकरी. मीनल म्हणाली, "इथे संवाद नाहीत. मेलेल्याबद्दल मनाला येईल ते बोला. जितकं वाकडं तितकं चांगलं."

लापोला तिथे कोण ओळखत होतं? म्हणून सगळे संजीववरच घसरले. एक म्हणाला, "गेला? चला, आता मीटिंगला दहा मिनिटं आधी येऊन कोण बसणार!" दुसरी म्हणाली, "तो तपकिरी स्वेटर पण बरोबर न्या हो, तोही केव्हाच गेलाय." तिसरा म्हणाला, "एकदा गाडीतून युट्रेख्टपर्यंत आलो यांच्याबरोबर. तासाभराने म्हणाले, पोचलो." हशा पिकत होता. मीनलने मला खूण केली, काकू, तुम्ही पण. आणि मी चिपळ्या वाजवून, भुवया उडवून म्हटलं,

"मंडळी, रडू कशाला? घरात आवाज कालही नव्हता, आजही नाही. मला कळणार कसं, गेले ते?"

असा हशा मला एकोणीस वर्षांत मिळाला नव्हता. ओमकारचा कॅमेरा हलला. प्रताप हँडलवर डोकं टेकून खदखदत होता. मी अभिमानाने समोर पाहिलं.

खुर्चीवरची शाल मधोमध खोल गेली होती, वजनाने खचावी तशी. फूल त्या खळग्यात घरंगळून चपटं झालं होतं. आणि सगळे हसत असताना त्या बाजूने थंड वास आला, व्हिनेगरचा आणि ओल्या कापडाचा.

"कट!" मीनल म्हणाली. "काकू, तुम्ही ग्रेट आहात."

पेटीत संजीव डोळे मिटून पडले होते. पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"अहो, उठा, चहा घ्या."

"राहू दे," ते म्हणाले. "पुन्हा झोपायचंच आहे ना."

त्यांनी जेवणसुद्धा पेटीतच केलं. प्रतापने त्यांना मोठा कलावंत ठरवून टाकलं.

संध्याकाळी आवरताना खुर्चीपाशी गेले. शाल उचलली तर खालची बैठक कोमट होती आणि खुर्चीच्या उजव्या हातावर चार बोटांचे निळे ठसे होते. मी ओल्या कापडाने पुसले. गेले नाहीत. संजीवच्या हातांचा रंग साबणाच्या एका हातात गेला होता, आणि ते त्या खुर्चीच्या जवळपासही फिरकले नव्हते. तेव्हा मला आठवलं की बोलावलेल्याला मी निरोप दिलेला नाही. आरती नाही, हात जोडणं नाही. पण आख्यानच अर्धं. अर्ध्यावर निरोप कसा देणार? उद्या शेवट झाला की देऊ, असं म्हणून मी दिवा मालवला आणि बाहेर पडले. चुकलंच ते.

घरी संजीव सोफ्यावर पाय मुडपून पडून राहिले. मी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का?

"बरं आहे."

"मग काय करताय?"

"ऐकतोय."

घरात ऐकण्यासारखं काही नव्हतं. फ्रिज चालला होता, तेवढंच.

*

दुसऱ्या दिवशी शेवटचाच शॉट राहिला होता. चर्चचं मागचं दार म्हणजे गावची वेस. प्रताप तिथे बाकफीट्स थांबवणार, संजीव उठून बसणार, प्रताप किंचाळून बाहेर गवतात पडणार. तिथे मीनलने गादी टाकून ठेवली होती.

सकाळी कुलूप काढलं तेव्हा खुर्ची त्या मागच्या दारापाशी होती, पाठ भिंतीला लावून. ओमकारने काल रात्री दार स्वतः बंद केलं होतं. तो खुर्चीकडे पाहत राहिला आणि या वेळी कुणाला काही बोलला नाही. मी तिला हात लावू दिला नाही. म्हटलं, असू दे तिथेच, तिथे शेवट आहे ना.

"ॲक्शन!"

प्रताप सायकल चालवत आला. मी शेवटची ओवी म्हटली, चिपळ्या दुप्पट लयीत नेल्या आणि थांबले. इथे लापोने उठायचं होतं.

संजीव उठले नाहीत.

"कट. काका, काकूंच्या चिपळ्या थांबल्या की लगेच हं."

पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी प्रताप वाकून म्हणाला, "काका, बास आता, मला नदीत पडायचंय." मग त्याने संजीवच्या खांद्याला हात लावला आणि हात झटकन मागे घेतला.

"काकू," तो म्हणाला. त्याचा आवाज सर्व्हरच्या प्रमुखाचाही राहिला नव्हता आणि पाद्र्याचाही.

मी धावले. गाल थंड होता, चर्चच्या फरशीसारखा. नाकापाशी बोट धरलं. श्वास होता, पण इतका लांब की एक गेल्यावर दुसरा येईलच असं वाटेना. हाका मारल्या, हलवलं. एका गावकऱ्याने पाणी शिंपडलं. पीठ ओघळलं, पापणी हलली नाही. ओमकारने रुग्णवाहिकेसाठी ११२ ला फोन लावला. बांधावर धुकं आहे, बारा मिनिटं लागतील, असं ते म्हणाले.

बारा मिनिटं. मी मीनलकडे वळले.

"मूळ गोष्टीत लापो कधी उठतो?"

ती ओमकारकडे पाहायला लागली.

"मीनल! पुस्तकात कधी उठतो तो?"

"काकू, ते मी बदललंय. सगळेच बदलतात, कॉमेडी आहे म्हणून..."

"कधी उठतो?"

"उठत नाही," मीनल म्हणाली आणि रडायला लागली.

हुंदके देत तिने सांगितलं ते असं. लापो वेशीपाशी उठणारच असतो. पण आख्ख्या वाटेत त्याच्याबद्दल एकही बरा शब्द कुणी बोललेलं नसतं. त्याला वाटतं, पुढच्या घरी कुणी बोलेल, तो ऐकू आणि मग उठू. घरं संपतात. त्याला वाटतं, पाद्री बोलेल. पाद्री घाईत असतो. खड्ड्यात ठेवल्यावर वाटतं, खणणारे तरी काही म्हणतील. खणणारे आपल्या फाटक्या बुटांबद्दल बोलत असतात. माती पडते. तो ऐकतच असतो. पुस्तकात पुढे लिहिलंय म्हणे की वाचणाऱ्यांनी हसावं.

मी खुर्चीकडे पाहिलं. शाल खोल गेलेली होती. शेवटपर्यंत ऐकावं, असं मीच म्हटलं होतं. ज्यांची कथा आहे त्यांनी यावं, असंही मीच. दोन दिवस तो समोर बसून होता, खुर्ची पुढे पुढे सरकवत, आणि मी त्याची नक्कल करून टाळ्या घेत होते.

मी पदर खोचला आणि त्या खुर्चीसमोर उभी राहिले. मागे कुणीतरी "काकू, आता हे काय?" म्हणालं. मीनल म्हणाली, "बोलू द्या त्यांना." ते बरं केलं तिने.

पण बोलू काय? कीर्तनकाराने कुणाचंही बरं शोधून दाखवावं, पाप्यातल्या पाप्याचंही. आयुष्यभर मी तेच ऐकत आणि सांगत आले. लापोचं मला काय माहीत होतं? निळे हात, तीन मेहुणे आणि एक थट्टा. खोटं बोलावं, दानशूर होता, मायाळू होता म्हणावं, तर समोर बसलेला तोच.

"लापोमहाराज," मी म्हटलं. पहिला सूर चुकला, मग सापडला. "तुम्ही कसे होता ते मला माहीत नाही. जे तुम्हाला ओळखत होते ते बोलले नाहीत, आणि मी ओळखत नसताना नको ते बोलले. पण एक मला ठाऊक आहे. त्या वर्षी तुमच्या गावात घरटी एक माणूस गेलं होतं. दारं बंद करून लोक बसले होते. त्या बंद दारांआड कुणीतरी कुणाला तरी तुमची गोष्ट सांगितली आणि ती माणसं हसली. लेकरू गेलेली बाई हसली असेल. दुसऱ्या दिवशी उठून तिने चूल पेटवली असेल. मग तिने ती गोष्ट पुढे सांगितली. महाराज, अशी सातशे वर्षं झाली. तुमचं नाव घेऊन माणसं दुःखातून क्षणभर बाहेर आली. हे पुण्य तुम्ही मुद्दाम केलं नसेल, पण ते तुमचंच आहे. आणखी कुणाचं नाही."

चर्चमध्ये शब्द थोडा वेळ वर राहतो, मग खाली येतो. तो खाली येईपर्यंत मी थांबले. मग बॅटरीचा दिवा घेतला, कारण त्या इमारतीत ज्योत लावायला परवानगी नाही, आणि त्यानेच खुर्चीला ओवाळलं. हात जोडले. "कथा संपली. बोलावलं तसे आलात. आता आपल्या ठिकाणी सुखाने जावं."

शाल सावकाश वर आली. कणीक फुगते तशी, घाई नाही, आणि सपाट झाली. व्हिनेगरचा वास नाकातून एकदम गेला. मागे कुणीतरी मोठा श्वास सोडला. सगळ्यांनीच सोडला असावा. नुसती खुर्ची राहिली.

मी संजीवकडे धावले. "अहो!"

गाल थंडच होता.

लापो गेला होता. माझी खात्री होती आणि आजही आहे. खुर्चीच्या हातावरचे ठसेसुद्धा गेले होते. मग यांना कोण धरून होतं? मी पेटीच्या कडेला गुडघे टेकले. तेवढ्यात संजीवचे डोळे उघडले. शांतपणे वरच्या लाकडी तुळयांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, ओळखीने, आणि पुन्हा मिटले.

त्यांना कुणीच धरलं नव्हतं. ते स्वतःच येत नव्हते.

त्या क्षणाइतकी मी कधी भ्यालेली नाही. दुसऱ्याने धरलेलं माणूस सोडवता येतं. विनवणी करावी, देवाला मध्ये घालावं. पण जो स्वतःच पडून ऐकतोय, पुढच्या घरी कुणी बोलेल म्हणून, त्याला कसं सोडवायचं?

"अहो," मी म्हटलं. सूर लावायला गेले आणि लागेना. ओवी सुचेना. चिपळ्या हातातून खाली ठेवल्या. "अहो, ऐका. त्या वर्षी रामनवमीला, तुम्हाला आठवतं, मी भरताच्या भेटीपाशी थांबले होते आणि लोक म्हणाले काय तो विराम घेतला काकूंनी, अंगावर काटा आला. विराम नव्हता तो. मी विसरले होते. सगळं पुसलं गेलं होतं डोक्यातून. तुम्ही मागून झांज सोडली नाही. तीन आवर्तनं घेतलीत, चार घेतलीत, जणू तसंच ठरलं होतं. हळूहळू लय उतरवत आणलीत, त्यात मला शब्द सापडले. घरी येताना तुम्ही बोलला नाहीत. मी पण नाही बोलले. मला वाटलं, तुम्हाला कळलंच नसेल मी विसरले ते." मी आणखी खाली वाकले. "खोटं. तुम्हाला कळलं होतं हे मला तेव्हाच माहीत होतं. वाहवा मला हवी होती म्हणून गप्प बसले."

श्वास गेला. मी मोजत राहिले. आला.

"माझी आई गेली तेव्हा तिकीट मिळेना. तुम्ही पहाटे स्किपोल विमानतळावर जाऊन काउंटरसमोर उभे राहिलात. तुम्ही, ज्यांना दुकानात पिशवी मागायला संकोच वाटतो. काय बोललात त्या बाईशी ते अजून मला सांगितलं नाहीत. ती मला म्हणाली होती, तुमचा नवरा अर्धा तास एकच वाक्य म्हणत होता. कोणतं वाक्य हो? मी कधी विचारलंच नाही."

बाहेर धुक्यात सायरन ऐकू येऊ लागला होता.

"तो स्वेटर मी टाकून देते म्हटलं की तुम्ही कपाटात मागे लपवता, कारण माझ्या हाताने विणलेला तो एकच आहे. त्याची एक बाही लांब आहे. तेवीस वर्षं तुम्ही ती दुमडून घालता. आणि काल मी..."

 संजीवच्या निळ्या बोटांतलं एक पेटीच्या फळीवर हललं. मग दुसरं. ते उठून बसले. टुणकन नाही, खूप खोल पाण्यातून आल्यासारखे, कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन. प्रताप खरोखरच दोन पावलं मागे सरकला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. हसलं कुणी नाही.

रुग्णवाहिकेतल्या मुलीने त्यांना चंदेरी चादरीत गुंडाळलं, रक्तदाब घेतला, नाव आणि वार विचारला. दोन्ही बरोबर सांगितलं. अंग फार गार आहे, बाकी काही सापडत नाही, गरम काहीतरी प्या, उद्या डॉक्टरांना दाखवा, असं म्हणून ती गेली. मीनल माझ्या गळ्यात पडली. शेवटच्या शॉटचं काय, हे तिने विचारलं नाही, आणि आम्ही कुणी विषय काढलाही नाही.

गाडी मी चालवली. बांधावर समोरचे दोन दिवे सोडले तर काहीच दिसत नव्हतं.

"तुम्हाला ऐकू येत होतं?" मी विचारलं.

"सगळं."

"मग उठला का नाहीत?"

संजीवांनी विचार केला. ते नेहमीच उत्तरापूर्वी विचार करतात.

"तिथे बरं वाटत होतं, कुमुद. दुखत नव्हतं काही. पहिल्यांदा वाटलं, आता उठू. मग वाटलं, थोड्या वेळाने. मग उठायचं असतं हेच आठवेना." चादर चुरचुरली. "अजून थोडं तसंच वाटतंय."

 मी बाजूला पाहिलं नाही. चेहऱ्यावर पीठ तसंच होतं त्यांच्या.

"आणि मग, स्किपोलच्या आधीचं," मी म्हटलं, "ते सांगायचं राहिलंच. आपण पहिल्यांदा इथे आलो, घरात पलंग नव्हता, तेव्हा तुम्ही..."

मी बोलत राहिले. वालचा पूल आला, गेला. घशाला कोरड पडली, तरी बोलत राहिले. वाक्य संपत आलं की पुढचं जोडत होते, मध्ये श्वासाएवढीसुद्धा जागा सोडत नव्हते. शेजारी चादर मधूनमधून चुरचुरायची. ती चुरचुरत होती तोवर मला पुढचं सुचत होतं.